एमसी जिन: बॅटलपासून अल्बमपर्यंत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जिन या चिनी वंशाच्या अमेरिकन रॅपरचा विषय निघाला की मला तेच तेच प्रश्न विचारले जातात, कधी एमिनेम या गोऱ्या रॅपरवरून, कधी त्या जुन्या क्लिप्सवरून, तर म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून काढू. मी याला वर्षानुवर्षं ऐकतेय आणि माझं प्रेम आहे त्याच्यावर, ते लपवणार नाहीये, पण जिथे तो कमी पडला तिथे तसंही सांगितलंय.

कोण हा एमसी जिन?

खरं नाव जिन आऊ-युंग. जन्म ४ जून १९८२, मायामी, फ्लोरिडा. आईवडील हाँगकाँगहून आलेले, मुळचे हक्का चिनी, आणि मायामीत चायनीज रेस्टॉरंट चालवायचे. शाळा झाल्यावर कॉलेजला गेला नाही, २००१ च्या सुमारास न्यूयॉर्कला आला, रस्त्यावर उभं राहून स्वतःच्या मिक्सटेप विकल्या, आणि जिथे बॅटल, म्हणजे दोन रॅपरांचा समोरासमोरचा सामना, दिसेल तिथे घुसला. पुढच्याच वर्षी अख्ख्या अमेरिकेने त्याला टीव्हीवर पाहिलं.

बॅटल रॅप म्हणजे नुसती शिवीगाळ ना?

नाही हो. आपल्याकडे कलगी-तुरा आहे ना, दोन शाहीर समोरासमोर, एकाने कोडं टाकायचं, दुसऱ्याने तिथल्या तिथे छंदात उत्तर द्यायचं आणि वर स्वतःचं कोडं टाकायचं, कोकणात शक्ती-तुरा म्हणून अजून रात्र रात्र चालतो, त्याच्याशी याचं नातं जवळचं वाटतं मला. तिथे वाद शिव मोठा की शक्ती यावर, इथे वाद तू मोठा की मी यावर. समोरच्याचे कपडे, त्याचं गाव, त्याचा आवाज, आत्ता दोन मिनिटांपूर्वी तो जिथे अडखळला ते, सगळं यमकात पकडायचं आणि ते पण बीटवर, म्हणजे मागे चालू असलेल्या तालावर. शिव्या असतात, पण नुसत्या शिव्यांवर पब्लिक उठून उभं राहत नाही, पब्लिक उभं राहतं ते हजरजबाबीपणावर.

फ्रीस्टाइल फ्रायडे काय प्रकार होता?

बीईटी या चॅनलवर '१०६ अँड पार्क' नावाचा कार्यक्रम लागायचा, रोज संध्याकाळी, व्हिडिओंचा काउंटडाउन, एजे आणि फ्री असे दोन अँकर. नाव न्यूयॉर्कच्या ईस्ट हार्लेममधल्या १०६व्या स्ट्रीट आणि पार्क अव्हेन्यूवरून घेतलेलं. त्यात शुक्रवारी बॅटल. जेमतेम अर्ध्या अर्ध्या मिनिटाच्या खेळी, समोर जज बसलेले, आणि टीव्ही असल्यामुळे शिव्या बंद, म्हणजे नेहमीचं अर्धं हत्यार दारातच काढून ठेवायचं. जो जिंकेल तो पुढच्या शुक्रवारी परत येणार, नव्या माणसासमोर. सात आठवडे टिकलात तर हॉल ऑफ फेममध्ये जाऊन सन्मानाने रिटायर.

जिन २००२ मध्ये सातच्या सात जिंकला. कृष्णवर्णीय प्रेक्षकांसाठीच्या चॅनलवर एकोणीस वर्षांचा चिनी पोरगा, दर आठवड्याला नवा माणूस येणार आणि तो काय बोलणार हे सगळ्यांना आधीच माहीत, तरी सात. मला आजही ते आठवून छाती भरून येते.

पहिल्याच बॅटलमध्ये त्याने असं काय केलं?

समोर हसन नावाचा चॅम्पियन होता. त्याने अपेक्षेप्रमाणे जिनच्या चिनी असण्यावर वार केले. आता इथे साधा माणूस काय करेल, चिडेल, किंवा मी पण अमेरिकनच आहे असं पटवायला जाईल. जिनने दोन्ही केलं नाही. तो हसतमुखाने उभा राहिला, आपली पाळी आल्यावर म्हणाला की हो, आहे मी चिनी, आणि तोच धागा पकडून वार हसनच्या घरापर्यंत नेला, आणि पुढे असं काहीतरी की भात नाहीतर कराटेवरून एक जरी विनोद केलास तर पोलीस चायनाटाउनमध्ये तुझी बॉडी शोधत फिरतील. हॉल वेडा झाला.

क्लिप बघाल तेव्हा त्याचे खांदे बघा. समोरचा बोलत असताना ते अजिबात आखडलेले नाहीत, तो मान डोलवत बीट मोजतोय आणि ऐकतोय, खरंच ऐकतोय, कारण उत्तर त्यातूनच येणार आहे. बॅटल करणाऱ्याचं निम्मं काम कानाचं असतं हे मला त्या क्लिपमुळे कळलं.

आणि तारीख लक्षात घ्या. एमिनेमचा 'एट माइल' नोव्हेंबर २००२ मध्ये आला, ज्यात शेवटी हिरो स्वतःची सगळी उणीदुणी स्वतःच आधी सांगून समोरच्याची हवा काढून घेतो. जिनने हीच चाल टीव्हीवर काही महिने आधी खरोखरीच्या माणसांसमोर खेळून दाखवली होती.

पण हे आधीच लिहून आणलेलं असणार ना?

काही ओळी असतातच तयार, सगळ्यांच्याच, त्यात लाज नाही. भात-कराटेचा टोमणा येणार हे माहीत असताना त्याचं उत्तर घरून न आणणं म्हणजे वेडेपणा. पण समोरच्याने आत्ता घातलेल्या शर्टावरचं यमक घरून आणता येत नाही. आजच्या बॅटल लीग्ज, म्हणजे यूआरएल (अल्टिमेट रॅप लीग) वगैरे, त्यांचं तंत्र वेगळं आहे, तिथे बीट नसते, काही मिनिटांच्या फेऱ्या पूर्ण लिहून पाठ करून आणतात, आणि ती पण मोठी कला आहे. जिनचा जमाना आधीचा, बीट चालू, घड्याळ चालू, बोल.

रफ रायडर्सने कधी घेतलं?

सातव्या विजयाच्या रात्रीच त्याने जाहीर केलं की रफ रायडर्स या लेबलशी, म्हणजे रेकॉर्ड कंपनीशी, करार झालाय. रफ रायडर्स म्हणजे त्या काळी काय चीज होती हे आजच्या पोरांना सांगावं लागतं, डीएमएक्स, ईव्ह, द लॉक्स, आणि बीट बनवणारा स्विझ बीट्स, सगळं एका छताखाली. रस्त्यावरच्या कडक रॅपचं ते घराणंच. तिथे मायामीच्या रेस्टॉरंटवाल्याचा मुलगा जाऊन बसला.

म्हणजे तो अमेरिकेतला पहिला एशियन रॅपर का?

नाही, आणि हे चुकीचं खूप ठिकाणी लिहिलेलं असतं. मायामीच्याच टू लाइव्ह क्रू या रॅप ग्रुपमधला फ्रेश किड आइस हा त्रिनिदादमध्ये जन्मलेला चिनी वंशाचा होता आणि तो १९८० च्या दशकात होता. फिलाडेल्फियाचा माउंटन ब्रदर्स हा एशियन ग्रुप पण आधीचा. जिन हा मोठ्या लेबलने एकट्याच्या नावावर घेतलेला पहिला एशियन अमेरिकन रॅपर, एवढंच, आणि एवढंही खूप आहे.

२००२ ला साइन झाला तर अल्बम २००४ ला का?

लेबलांचं असंच असतं. टीव्हीवर नाव गरम असताना माल हातात नव्हता. 'लर्न चायनीज' हे पहिलं गाणं २००३ मध्ये आलं, वायक्लेफ जाँ या गायक-निर्मात्याने केलेलं, पण अल्बम काही येईना, तारीख पुढे, अजून पुढे, आणि शेवटी 'द रेस्ट इज हिस्टरी' १९ ऑक्टोबर २००४ ला आला. फ्रीस्टाइल फ्रायडेला तोपर्यंत अडीच वर्षं होऊन गेली होती. ज्या पोरांनी त्याला टीव्हीवर बघून शाळेत त्याच्या ओळी म्हणून दाखवल्या होत्या ती पोरं तोवर कॉलेजात गेली. तवा गरम असताना पोळी टाकली नाही, सरळ गोष्ट आहे.

'लर्न चायनीज' चांगलं की वाईट?

यावरून माझं स्वतःशीच भांडण आहे. सुरुवातच जबरदस्त, तो सांगतो की मी तुमच्या दारात फ्राइड राइस घेऊन उभा राहायचे दिवस संपले. रेस्टॉरंटवाल्याचा मुलगा हे म्हणतोय, त्याला वजन आहे. पण मग अख्खं गाणं त्याच एका गोष्टीवर उभं राहतं की मी चिनी आहे, चायनाटाउन आहे, कोरसमध्येही तेच.

माझी मावसबहीण न्यू जर्सीत वाढली. तिला मी हे गाणं मोठ्या उत्साहाने ऐकवलं तर ती म्हणाली, ताई, हा अजून कुणालातरी उत्तर देतोय. आणि मला तेव्हा लख्ख कळलं काय खटकत होतं ते. बॅटलमध्ये समोरचा तुला चिनी म्हणून हिणवतो, तू उत्तर देतोस, जिंकतोस. गाण्यात समोर कुणीच नाहीये. तिथे पण तू तेच उत्तर देत बसलास तर तो टोमणा तू स्वतःच आणून स्वतःच्या समोर उभा केलास. लेबलला वाटलं असणार की टीव्हीवर हेच चाललं म्हणजे रेकॉर्डवर पण हेच चालेल. जिनच्या पुढच्या सगळ्या करिअरकडे मी याच नजरेने बघते, की समोर कुणी नसताना बोलायचं काय हे त्याला कधी आणि कुठे सापडलं.

मग तो अल्बम फ्लॉप होता?

बिलबोर्ड २०० या अमेरिकेतल्या अल्बमच्या यादीत ५४व्या नंबरवर लागला. रफ रायडर्सच्या मानाने कमीच, डीएमएक्सचे अल्बम पहिल्या नंबरवर लागायचे. पण अल्बम लोक म्हणतात तेवढा वाईट नाही. रॅपर कान्ये वेस्टबरोबरचं 'आय गॉट अ लव्ह' आहे. 'सेम क्राय' आहे, ज्यात तो आशियाई लोकांच्या दुःखाबद्दल बोलतो आणि तिथे एकही पंचलाइन मारायचा मोह त्याला झालेला नाही. मला विचाराल तर पुढचा जिन त्या एका गाण्यात आधीच बसलेला होता. अडचण ही की बाकी अल्बम सगळ्यांना खूश करायला जातो, एक क्लबचं, एक रेडिओचं, एक मुलींसाठीचं, आणि मधूनच बॅटलवाला जिन डोकं वर काढतो.

एमिनेम पण बॅटलमधूनच आला, त्याला जमलं मग याला का नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो. गोरा होता म्हणून, असं एका वाक्यात उत्तर देतात लोक, आणि त्यात तथ्य आहेच, अमेरिकेत गोऱ्या पोरांना आरशात दिसेल असा चेहरा विकणं सोपं होतं. पण तेवढंच नाही. एमिनेम १९९७ च्या रॅप ऑलिम्पिक्स या बॅटल स्पर्धेत लॉस एंजेलिसला दुसरा आला, म्हणजे हरलाच, पण त्याच्या हातात 'स्लिम शेडी ईपी' (छोटा अल्बम) तयार होती, ती इंटरस्कोप लेबलच्या जिमी आयोव्हिनपर्यंत आणि तिथून रॅपर-निर्माता डॉक्टर ड्रेपर्यंत पोचली. म्हणजे ड्रेने ऐकली ती गाणी, स्लिम शेडी नावाचं आख्खं पात्र आधीच घडलेलं होतं. जिन मात्र साइन झाला तो बॅटलच्या जोरावर, गाणं लिहिणारा म्हणून तो अजून घडायचा होता, आणि त्याला ते शिकावं लागलं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. एमिनेम हरून जे घेऊन आला होता ते जिनकडे सात वेळा जिंकूनही नव्हतं.

फिलाडेल्फियाच्या कॅसिडीचं पण बघा, तो बॅटलमधला वाघ, पण 'हॉटेल' हे गाणं चाललं ते त्यात बॅटल अजिबात नव्हती म्हणून.

सिनेमात पण होता ना?

हो, 'टू फास्ट टू फ्युरियस' (२००३), मेकॅनिक जिमी. शूटिंग त्याच्याच मायामीत.

२००५ मध्ये त्याने रॅप सोडलं होतं का?

'आय क्विट' नावाचं गाणं काढलं आणि लोकांना वाटलं संपलं. प्रत्यक्षात सोडलं ते लेबल आणि तो सगळा खेळ. त्याच वर्षी 'द एमसी' या नावाने 'द एमसीज प्रॉपरगँडा' हा स्वतंत्र अल्बम काढला, नाव बदलून, जुनी पाटी उतरवून. त्यातलं 'टॉप ५' गाणं थोरांना सलाम करतं, म्हणजे आपण ज्यांच्याकडून शिकलो त्यांची नावं घ्यायची, घराण्याच्या गायकाने कान पकडावा तसं.

२००५ च्या जानेवारीतली अजून एक गोष्ट. डिसेंबरच्या त्सुनामीत लाखो माणसं गेली आणि न्यूयॉर्कच्या हॉट ९७ या हिपहॉप रेडिओवर मेलेल्यांची चेष्टा करणारं, चिनी माणसांना शिवी देणारं गाणं वाजवलं. जिनने त्यांना रेकॉर्डवर उत्तर दिलं. ज्या स्टेशनवर गाणं लागावं म्हणून रॅपर हातापाया पडतात त्यांच्याच विरोधात. तिथे मात्र खरोखर समोर कुणीतरी उभं होतं आणि बॅटलवाला जिन अगदी योग्य जागी वापरला गेला.

सीरियस जोन्सबरोबर हरला हे खरं?

२००५, फाइट क्लब नावाचा बॅटलचा कार्यक्रम, समोर बॅटल रॅपर सीरियस जोन्स. बहुतेक लोक सीरियस जोन्सलाच विजयी मानतात आणि मलाही तसंच वाटतं. जोन्स धारदार होता, तयारीने आला होता, आणि जिन आता सगळ्यांना माहीत झाला होता. अनोळखी असणं हे बॅटलमध्ये मोठं भांडवल असतं. २००२ मध्ये ते त्याच्याकडे होतं, २००५ मध्ये त्याचं आख्खं करिअर समोरच्याच्या हातात दगड म्हणून होतं, अल्बम चालला नाही, लेबल सुटलं, सगळं.

कँटोनीजमध्ये अल्बम काढायची बुद्धी कशी झाली?

माझ्या मते हा त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय. 'एबीसी', २००७. एबीसी म्हणजे अमेरिकेत जन्मलेला चिनी, आपल्याकडे तिकडच्या पोरांना एबीसीडी म्हणतात ना, तसंच. पूर्ण अल्बम कँटोनीजमध्ये, हाँगकाँगच्या, आईवडिलांच्या भाषेत.

कँटोनीजमध्ये शब्दाचा सूर बदलला की अर्थ बदलतो, एकूण सहा सूर, त्यामुळे तिथे चालीवर शब्द बसवणं म्हणजे नाकी नऊ, चाल वर गेली आणि शब्दाचा सूर खालचा असला तर भलताच शब्द ऐकू येतो. रॅपमध्ये चाल बोलण्याच्या जवळ राहते म्हणून हा त्रास कमी. हाँगकाँगमध्ये जिनच्या आधीही रॅप होतं, एलएमएफ नावाचा ग्रुप होता, चांगला रागीट. पण जिनची कँटोनीज वेगळी. ती घरातली भाषा आहे, जेवणाच्या टेबलावर शिकलेली, शाळेत नाही.

माझ्या त्याच मावसबहिणीला हे ऐकवलं. तिला कँटोनीजचा एक शब्द कळत नाही, मला पण नाही. ती दोन गाणी ऐकून म्हणाली, हा माझ्यासारखा बोलतो. म्हणजे काय विचारलं तर म्हणाली, मी आजीशी मराठी बोलते तेव्हा असाच आवाज होतो माझा, जरा लहान मुलासारखा पण खोटा नाही. मला यावर काही बोलताच आलं नाही. इंग्रजीत तो कायम कुणालातरी हरवायला उभा असतो, कँटोनीजमध्ये तो घरी आलेला असतो.

हाँगकाँगला किती वर्षं राहिला?

युनिव्हर्सलने २००८ मध्ये 'एबीसी' हाँगकाँगमध्ये परत आणला, तो प्रमोशनसाठी गेला आणि राहिलाच, साधारण २०१२ पर्यंत. तिथे टीव्ही, जाहिराती, सिनेमे, सगळं. 'गॅलंट्स' हा सिनेमा जरूर बघा, म्हाताऱ्या कुंगफूवाल्यांची गोष्ट, त्यात जिन आहे, आणि २०११ च्या हाँगकाँग फिल्म अवॉर्ड्समध्ये तो सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. ज्या गावातून आईवडील पोटासाठी निघाले तिथे पोरगा स्टार झाला. याच काळात तो उघडपणे श्रद्धाळू ख्रिश्चन झाला आणि पुढच्या गाण्यांत ते दिसतं, काही जुन्या फॅन्सना नाही आवडलं, मला त्याचा प्रामाणिकपणा आवडतो.

'एक्सआयव्ही: एलआयएक्स' हे काय नाव आहे?

रोमन आकड्यांत १४:५९. इंग्रजीत म्हणतात ना की प्रत्येकाच्या वाट्याला पंधरा मिनिटांची प्रसिद्धी येते, तर हा म्हणतोय माझं घड्याळ चौदा मिनिटं एकोणसाठ सेकंदांवर आहे, एक सेकंद उरलाय. २०१४ चा अल्बम, अमेरिकेत परत आल्यावरचा, लग्न झालेला, बाप झालेला माणूस. समोर कुणी नाही, हरवायचं कुणाला नाही, आणि तरी बोलायला भरपूर आहे. २००४ मध्ये जे जमलं नाही ते इथे इंग्रजीतही जमलं. विकला गेला का, फार नाही.

मुखवटा घालून आला होता तो किस्सा?

२०१७, चीनमधला 'द रॅप ऑफ चायना' हा शो. जिन हिपहॉपमॅन नावाने, चेहऱ्यावर मास्क लावून ऑडिशनला गेला, कोवळ्या पोरांच्या रांगेत. वय ३५. फॅन्सनी आवाज लगेच ओळखला. मुख्य म्हणजे तिथे मँडरिन लागते, चीनची मुख्य भाषा, जी त्याची घरची भाषा नाही, तरी तो बराच पुढपर्यंत पोचला. जिंकला नाही, गाई आणि पीजी वन हे दोघे मिळून जिंकले. हॉल ऑफ फेममधल्या माणसाने परत शून्यावर उभं राहायचं, आपल्या वयाच्या अर्ध्या पोरांकडून हरायची तयारी ठेवून, याला काळीज लागतं.

'मॉन्स्टर हंटर'च्या वादात तो होता का?

होता. डिसेंबर २०२० मध्ये चीनमध्ये हा हॉलिवूडचा सिनेमा लागला आणि लगेच थिएटरमधून काढला, कारण जिनच्या तोंडी इंग्रजीत गुडघे आणि चायनीज या शब्दांवर कोटी होती, आणि ती चिनी मुलांना चिडवायच्या एका जुन्या गाण्याची आठवण करून देत होती. जिनने माफी मागितली, सांगितलं की त्या पात्राला आपल्या चिनीपणाचा अभिमान आहे असं दाखवायचं होतं. माझा त्याच्यावर विश्वास आहे. ती टिपिकल फ्रीस्टाइल फ्रायडेची चाल होती, टोमणा आधी आपणच उचलायचा. पण सिनेमात समोर टोमणा मारणारा कुणी उभाच नव्हता, मग नुसता टोमणा उरला. वाईट वाटलं मला फार.

अमेरिकेतल्या एशियन लोकांवरच्या हल्ल्यांबद्दल बोलला का?

२०२१ मध्ये 'स्टॉप द हेट्रेड' हे गाणं केलं, आणि बरोबर कोण तर वायक्लेफ जाँ, तोच 'लर्न चायनीज'वाला. दोन्ही गाणी मागोमाग लावा. मधली अठरा वर्षं आवाजात ऐकू येतात.

मी नवीन आहे, कुठून सुरुवात करू?

आधी फ्रीस्टाइल फ्रायडेच्या क्लिप्स, सातही, क्रमाने. मग 'लर्न चायनीज' आणि 'सेम क्राय'. मग सगळं सोडून 'एबीसी', शब्द कळत नाहीत म्हणून भाषांतर शोधत बसू नका, पहिल्यांदा तसंच ऐका. त्यानंतर १४:५९ वाला. आणि हेडफोन लावून ऐका प्लीज, मोबाइलच्या स्पीकरवर 'एबीसी'मधला बेस ऐकूच येत नाही.